विक्रेत्याच्या आवारात दुर्मीळ गाडी कशी शोधावी

दुर्मीळ जुनी गाडी म्हटले की लिलाव किंवा एखाद्या हौशी संग्राहकाचे गॅरेज डोळ्यांसमोर येते. परंतु अशा कितीतरी गाड्या जुन्या गाड्यांच्या सामान्य विक्रेत्याकडे, रोजच्या वापराच्या गाड्यांच्या रांगेतच उभ्या असतात. त्या तेथे येण्याचे कारण साधे आहे. मालकाला नवी गाडी घ्यायची असते, जुन्या गाडीला योग्य गिऱ्हाईक शोधत बसायला सवड नसते, म्हणून तो ती अदलाबदलीत देऊन मोकळा होतो. ज्या विक्रेत्याकडे ती जाते त्याचा मुख्य व्यवसाय पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीच्या नव्या गाड्या विकण्याचा असतो. त्याच्या नोंदवहीत त्या गाडीचे वर्ष, धावलेले अंतर, इंधन आणि इंजिनाचा आकार एवढेच लिहिलेले असते. ती एक गाडी कारखान्यातून कोणत्या वेगळ्या आसनांसह, रंगासह किंवा गिअरबॉक्ससह बाहेर पडली, याची नोंद ठेवण्याचे त्याला काही कारण नसते. विक्रेता गाडीकडे तिच्या वर्गातील एक सर्वसाधारण गाडी म्हणून पाहतो आणि शोधणाऱ्याला नेमकी तीच गाडी ओळखता यावी लागते. या लेखातील सगळ्या पायऱ्या या फरकातून निघाल्या आहेत.

पहिली पायरी: कोणती दुर्मीळता हवी ते ठरवणे

दुर्मीळ हा शब्द निरनिराळ्या गाड्यांना निरनिराळ्या कारणांनी लागू पडतो. काही गाड्या मुळातच थोड्या बनल्या. बीएमडब्ल्यू झेड १ ही १९८९ ते १९९१ या काळात सुमारे ८,००० इतकीच बनली. तिची दारे बाहेर उघडत नाहीत, खाली सरकून उंबऱ्यात जातात. रेनो अवांटाइम २००१ ते २००३ या अल्प काळात सुमारे ८,५०० बनली. अशी गाडी आवारात उभी असेल तर ती वेगळी आहे हे विक्रेत्यालाही कळते. दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांची कल्पना वेगळी होती: पूर्ण अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची ऑडी ए २, खिडकीत आणखी एक खिडकी असलेली सुबारू एसव्हीएक्स, किंवा माझ्दाच्या फिरत्या पिस्टनच्या म्हणजे रोटरी इंजिनाच्या गाड्या. तिसरा प्रकार एके काळी घरोघरी असलेल्या गाड्यांचा. त्या कोणी जपून ठेवल्या नाहीत, म्हणून आज मूळ अवस्थेत क्वचितच सापडतात.

चौथा प्रकार नवख्याने सर्वांत मनावर घ्यावा असा आहे. या गाड्या दिसायला अगदी साध्या असतात, पण त्यांच्यातील गुणांचा मेळ क्वचित जमलेला असतो. ऑडीने पोर्शेच्या मदतीने १९९४ आणि १९९५ मध्ये बनवलेली आरएस २ ही लांब डिकीची कौटुंबिक गाडी सुमारे २,९०० इतकीच तयार झाली. बीएमडब्ल्यूच्या ५ मालिकेची वेगवान आवृत्ती असलेली एम ५ तिच्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे ई ३४ या सांकेतिक नावाच्या पिढीत, लांब डिकीच्या रूपात केवळ ८९१ बनली, आणि दुरून पाहणाऱ्याला ती त्या काळच्या इतर ५ मालिकेच्या गाड्यांहून फारशी वेगळी वाटत नाही. इतक्या प्रसिद्ध नावांपर्यंत जाण्याचीही गरज नाही. एखाद्या नेहमीच्या मॉडेलमध्ये मोठे इंजिन, हाताचे गिअर आणि त्या वर्षी फार थोड्यांनी मागितलेला रंग एकत्र आले असतील, तर ती गाडीही दुर्मीळच होय. सामान्य आवारात न ओळखता राहून जाते ती बहुधा अशीच गाडी.

नवख्याने या चौथ्या प्रकारापासून सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण सुट्या भागांत आहे. अशा गाडीचे बहुतेक यांत्रिक भाग लाखांनी बनलेल्या भावंडांशी जुळतात. याउलट अवांटाइमचे इंजिन इतर रेनो गाड्यांत सापडते, पण तिच्या प्रचंड दारांची दुहेरी बिजागरी किंवा काचा दुसऱ्या कोणत्याही गाडीच्या नाहीत. गाडी आवडल्यावर भागांची चौकशी करणारा हमखास फसतो. ती चौकशी आधी झाली पाहिजे. कंपनी बंद पडली म्हणजे भाग संपले असेही समजू नये. साब ही कंपनी २०११ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, पण तिचा सुट्या भागांचा वेगळा व्यवसाय पुढेही चालू राहिला. त्यामुळे एखाद्या मॉडेलबद्दल विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत: काच मिळते का, दिवे मिळतात का, दारांची रबरे मिळतात का, आणि गाडीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक दुरुस्त करणारा कोणी आहे का. इंजिनाचे भाग कसेही जमवता येतात. गाडी वर्षभर उभी राहते ती बहुधा यांपैकी एखाद्या वस्तूसाठी.

दुसरी पायरी: एका मॉडेलचा अभ्यास

दहा मॉडेलांवर वरवर नजर ठेवण्यापेक्षा एका किंवा फार तर दोन मॉडेलांचा सखोल अभ्यास करावा. त्यासाठी एक वही घालावी. त्या मॉडेलचे उत्पादन कोणत्या वर्षी सुरू झाले, बदल केव्हा झाले, इंजिनांची सांकेतिक नावे कोणती, कारखान्याचे रंग आणि त्यांचे क्रमांक कोणते, मर्यादित आवृत्त्या कोणत्या आणि त्यांची आसने, चाके व ब्रेक कसे ओळखावेत, हे सारे तीत उतरवावे. काय कधीच बनले नाही याची नोंदही तितकीच उपयोगी असते. होंडा एस २००० मध्ये कंपनीने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कधीच दिला नाही, आणि सुबारू एसव्हीएक्समध्ये हाताचे गिअर कधीच दिले नाहीत. जाहिरातीत याच्या उलट लिहिलेले दिसले तर एक तर लिहिणाऱ्याची चूक आहे किंवा गाडीत नंतर कोणीतरी मोठा बदल केला आहे, आणि दोन्ही गोष्टी खरेदीदाराला कळायलाच हव्यात.

यानंतर चॅसिस नंबर वाचायला शिकावे. अमेरिकेत १९८१ पासून १७ अक्षर-अंकांची रचना सक्तीची झाली आणि आज जवळजवळ सर्वत्र तीच चालते. तिच्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गोंधळात पडतात. पहिली तीन स्थाने निर्मात्याची असतात. उत्तर अमेरिकेसाठी बनलेल्या गाडीत नववे स्थान पडताळणीचे आणि दहावे मॉडेल-वर्षाचे असते. इतर बाजारांतील गाड्यांत या दोन स्थानांवर आंधळेपणाने विसंबू नये. मात्र चॅसिस नंबरवरून बहुधा फक्त मूळ मॉडेल आणि इंजिन समजते. त्या एका गाडीवर कोणत्या खास गोष्टी बसवल्या होत्या हे सांगणारी खूण वेगळी असते. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत पर्यायांच्या संकेतांची कागदी चिठ्ठी डिकीत, स्टेपनीच्या खळग्यापाशी, आणि सर्व्हिस बुकात चिकटवलेली असते. पोर्शेच्या अनेक मॉडेलांत ती पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूस सापडते. बीएमडब्ल्यूच्या बाबतीत चॅसिस नंबरातील शेवटच्या सात खुणांवरून कारखान्याची पर्यायांची यादी काढता येते. आपल्या मॉडेलची ही चिठ्ठी कोठे असते आणि तीवरचे कोणते संकेत महत्त्वाचे आहेत, हे वहीच्या पहिल्या पानावर असावे.

बिल्ले आणि नावाच्या पट्ट्या कोणालाही चिकटवता येतात. खास चाके, आसने, एवढेच काय पण ब्रेकही नंतर बसवता येतात. आरएस २ च्या ब्रेकवर पोर्शेचे नाव असते हे नक्कल करणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून अंतिम शब्द चॅसिस नंबर आणि पर्यायांची चिठ्ठी या दोघांच्या मेळाचा.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष शोध

विक्रेत्यांच्या याद्या घाईत भरलेल्या असतात. मॉडेलचे उपनाव गाळलेले असते, लांब डिकीची गाडी छोट्या गाडीच्या वर्गात घातलेली असते, हाताच्या गिअरऐवजी ऑटोमॅटिकची खूण केलेली असते. त्यामुळे नेमके नाव टाकून शोध घेणाऱ्याला नेमक्या नावाच्या, म्हणजे आधीच सगळ्यांनी पाहिलेल्या गाड्या मिळतात. शोध रुंद ठेवावा. चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमधील आर ३२ ही आवृत्ती शोधायची असेल, तर साधे गोल्फ हे नाव, २००२ ते २००४ ही वर्षे आणि ३.२ लिटरचे इंजिन एवढेच निकष ठेवावेत आणि छायाचित्रे एकेक करून पाहावीत. मागे दोन सायलेन्सर नळ्या आहेत का, आसनांच्या बाजू उंचावलेल्या आहेत का, चाकांच्या आरांमागून दिसणारी ब्रेकची तबकडी मोठी आहे का, हे तपशील छायाचित्रांत दिसतात आणि मजकुरात कोणी लिहीत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्गही नाही.

गाडी आवारात आल्यावर दोन वेळा शोधणाऱ्याला अनुकूल असतात. पहिली अगदी सुरुवातीची, जेव्हा गाडी अदलाबदलीत आलेली असते पण धुऊन, छायाचित्रे काढून यादीत चढलेली नसते. दुसरी बरीच उशिराची. वेगळ्या गाडीला सामान्य गिऱ्हाईक बिचकते, ती आठवडेच्या आठवडे उभी राहते, आणि उभ्या गाडीत विक्रेत्याचा पैसा अडकलेला असतो. अखेर ती घाऊक व्यापाऱ्याला किंवा लिलावात देण्याचा विचार सुरू होतो. पहिली वेळ साधायची तर जुन्या गाड्यांचा विभाग पाहणाऱ्या व्यवस्थापकाशी प्रत्यक्ष ओळख करून घ्यावी, आपल्याला कोणत्या वर्षांतील कोणते मॉडेल हवे आहे ते एका ओळीत लिहून द्यावे आणि महिन्यातून एकदा चौकशी करावी. कार्यशाळेजवळच्या मागच्या रांगेत यादीत न आलेल्या गाड्या उभ्या असतात. तेथे जाण्यापूर्वी परवानगी अवश्य घ्यावी. दुसरी वेळ साधायची तर एखादी जाहिरात पहिल्यांदा केव्हा दिसली आणि भाव केव्हा उतरला हे वहीत टिपत जावे.

चौथी पायरी: जाण्यापूर्वी फोन

लांबचा प्रवास वाचवणारे काम फोनवरच होते. चॅसिस नंबरचे आणि पर्यायांच्या चिठ्ठीचे छायाचित्र मागावे, सर्व्हिस बुक आणि दोन्ही किल्ल्या आहेत का विचारावे, गाडी अदलाबदलीत आली की लिलावातून घेतली हेही विचारावे. अदलाबदलीत आलेल्या गाडीच्या आधीच्या मालकाने तिच्यासोबत जुनी बिले दिलेली असण्याचा संभव अधिक असतो आणि ती बिले एखाद्या खणात पडून असतात, म्हणून ती आग्रहाने शोधायला सांगावीत. आपण पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नये अशी विनंती करावी. खरेदीदाराने विक्रेत्याशी खोटे बोलू नये. मात्र त्याने विचारल्याखेरीज त्या गाडीच्या दुर्मीळतेवर व्याख्यान देण्याचेही बंधन त्याच्यावर नाही.

पाचवी पायरी: आवारातील तपासणी

गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना पाहावी, कारण ओल्या रंगात ओरखडे आणि छटेतील फरक दोन्ही लपतात. सोबत विजेरी, छोटा आरसा, रंगाची जाडी मोजणारे यंत्र आणि गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे यंत्र असावे. कारखान्याचा रंग बहुतेक गाड्यांवर साधारण ८० ते १६० मायक्रॉनच्या दरम्यान असतो. एखाद्या भागावर तो दुप्पट निघाला तर पुन्हा रंगकाम झाले आहे आणि कित्येक पटींनी जास्त निघाला तर खाली पुट्टी आहे असे समजावे. अॅल्युमिनियमवर चुंबक निरुपयोगी ठरतो आणि साधे यंत्रही चालत नाही, म्हणून ऑडी ए २ सारख्या गाडीसाठी दोन्ही धातूंवर चालणारे यंत्र न्यावे. अशा गाडीचा सांगाडा अपघातात वाकला असेल तर तो सरळ करणे सामान्य डेंटिंगवाल्याचे काम नाही, त्यामुळे तेथे अधिक कठोर राहावे.

गाडीच्या अनेक भागांवर त्यांची जन्मतारीख असते आणि ती वाचणे हे या कामातील सर्वांत आनंदाचे शिक्षण आहे. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात निर्मात्याची खूण आणि वर्षाचा संकेत असतो. सगळ्या काचा एका काळाच्या आणि एकच वेगळी असेल तर ती का बदलली हे विचारावे. सीटबेल्टच्या तळाशी शिवलेल्या पट्टीवर बनल्याची तारीख असते, आणि बेल्ट नवा असेल तर मोठ्या अपघाताची शंका घेण्यास जागा आहे. टायरवरील चार आकड्यांतील पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. धावलेले अंतर थोडे दाखवणाऱ्या गाडीत पेडलची रबरे गुळगुळीत, चालकाच्या आसनाची बाहेरची कड खचलेली आणि स्टिअरिंगचे कातडे चकचकीत झालेले असेल, तर काट्यापेक्षा या वस्तूंवर विश्वास ठेवावा.

गंजासाठी उंबरे, चाकांच्या कमानी, स्टेपनीचा खळगा आणि शॉक अॅब्सॉर्बरच्या वरच्या टोकाभोवतीचा पत्रा पाहावा. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा, आसनांच्या रुळांखाली विजेरी मारावी आणि गालिच्याची कड उचलावी. वरून कितीही धुतले तरी बारीक गाळ या जागी उरतो.

इंजिन थंड असतानाच सुरू करावे. पुढची तपासणी मॉडेलप्रमाणे बदलते आणि येथे वहीचा खरा उपयोग होतो. माझ्दा आरएक्स ७ किंवा आरएक्स ८ मध्ये प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा मोजावा लागतो, त्याला खास यंत्र लागते, आणि तो अहवाल नसेल तर बाकी गाडी कितीही सुंदर असली तरी थांबावे. निदान ती पूर्ण तापल्यावर बंद करून लगेच पुन्हा सुरू करून पाहावी. गरम असताना सुरू व्हायला वेळ लागणे हे दाब उतरल्याचे लक्षण असते. सिट्रोएनच्या द्रव-वायू सस्पेन्शनच्या गाडीने सुरू केल्यावर सावकाश उठून उभे राहिले पाहिजे आणि कोपरा दाबल्यावर मऊपणे खाली गेले पाहिजे. ती दगडासारखी वाटली तर वायूचे गोल रिकामे झाले आहेत. ते गोल बदलता येतात, परंतु गंजलेल्या द्रवनलिका बदलणे हे मोठे काम आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या पोर्शे ९११ आणि बॉक्स्टर गाड्यांच्या पहिल्या पाणी-थंड इंजिनांत मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचा दोष सर्वश्रुत आहे, म्हणून ते बदलल्याचे बिल मागावे. टायमिंग बेल्ट असलेल्या कोणत्याही इंजिनात अंतरापेक्षा वर्षे मोजावीत. थोडी धावलेली, पण वीस वर्षे तोच बेल्ट असलेली गाडी धोक्याचीच आहे, कारण तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

संगणकाच्या नोंदी वाचताना दोष दिसत नाहीत एवढ्यावर समाधान मानू नये. गाडीची अंतर्गत स्वपरीक्षणे पूर्ण झाली आहेत का तेही पाहावे. ती अपूर्ण असतील तर कोणीतरी नुकत्याच नोंदी पुसल्या आहेत किंवा बॅटरी काढली होती. आवाराच्या फाटकाबाहेर दोन मिनिटे चालवण्याने काही कळत नाही. इंजिन पूर्ण तापेल, सर्व गिअर पडतील आणि एकदा जोरात ब्रेक लावता येईल इतका वेळ मागावा. त्यानंतर गाडी लिफ्टवर चढवून त्याच मॉडेलवर काम केलेल्या मेकॅनिकला दाखवावी. सर्व गाड्या तपासणारा तज्ज्ञ अपघात आणि झीज सांगतो, पण त्या मॉडेलचे नेमके दुखणे त्याच मॉडेलवर हात काळे केलेल्यालाच कळते.

सहावी पायरी: भाव आणि कागद

राहिलेल्या कामांची यादी प्रत्येकाच्या खर्चासह लिहून काढावी आणि बोलणी तिच्यावरच करावी. गाडी किती दुर्मीळ आहे हा विषय बोलण्यात आणल्याने भाव उतरत नाही. विक्रेता वर्ष आणि अंतर पाहून भाव लावत असेल तर तो बहुधा वाजवीच असतो, आणि अशा वेळी थोड्या फरकासाठी ताणून धरल्याने चांगली गाडी हातची जाते. बयाणा दिला तर पावतीवर चॅसिस नंबर, ठरलेली कामे आणि तपासणीत दोष निघाल्यास बयाणा परत मिळण्याची अट लिहून घ्यावी.

चॅसिस नंबर काचेखाली, दाराच्या चौकटीवर, पत्र्यावर कोरलेला आणि कागदांवर, असा जेथे जेथे असेल तेथे तो स्वतः वाचावा. गाडीवर कर्जाचा बोजा शिल्लक नाही याची खात्री करावी. त्याच नंबरावरून कंपनीने परत बोलावलेल्या दोषांची कामे झाली आहेत का हेही विचारावे. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमुळे जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि अनेकदा हात बदललेल्या जुन्या गाडीत हे काम राहून गेलेले असू शकते. ते कंपनीच्या केंद्रात विनामूल्य होते, त्यामुळे गाडी ताब्यात घेण्यापूर्वीच वेळ ठरवावी. विमा उतरवताना रक्कम आधी ठरवून घेण्याची सोय असेल तर तीच स्वीकारावी, नाही तर अपघातानंतर विमा कंपनीही या गाडीला सर्वसाधारण गाडी म्हणूनच मोजते.

गाडी घरी आल्यावर

पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, ब्रेकचा द्रव, शीतक आणि गिअरबॉक्सचे तेल बदलावे. टायमिंग बेल्टचे बिल सापडले नसेल तर तो बदलल्याखेरीज गाडी लांब नेऊ नये. पर्यायांच्या चिठ्ठीचे स्वच्छ छायाचित्र काढून कागदांसोबत ठेवावे, कारण तिची शाई काळाबरोबर उडते. आधीच्या मालकाने चाके, स्टिअरिंग किंवा सायलेन्सर बदललेले असतील तर त्याचे मूळ भाग कोठे आहेत याची चौकशी विक्रेत्याकडून याच दिवसांत करून घ्यावी. थोड्याच काळात ते भंगारात जातात. आणि आपण स्वतः जो मूळ भाग काढाल, तो कितीही झिजलेला असला तरी फेकू नये. त्याला तारखेची आणि जागेची चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवावा, आणि गाडी दुसऱ्याच्या हाती जाईल तेव्हा ते खोके आणि वही दोन्ही तिच्यासोबत द्यावीत.